आडात नाही ते पडद्यावर

आमच्या प्रांतातील वस्तुसंग्रहालयांस सध्या बरे दिवस आले आहेत, असे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कोणाही गृहस्थास वाटेल. आज एका शहरी ‘डिजिटल दालना’ची घोषणा, उद्या दुसऱ्या शहरी ‘संवादी प्रदर्शना’चे उद्घाटन, परवा तिसऱ्या ठिकाणी बोटाच्या स्पर्शासरशी इतिहास जिवंत होणार असल्याची ग्वाही! इतिहास मेला होता केव्हा, व त्यास मारले कोणी, हा प्रश्न मात्र या घोषणा करणारांस कोणी विचारीत नाही. संग्रहालयाच्या अंगी काही उणे असेल तर ते चार काचेचे पडदे भिंतीस टांगले की भरून निघते, हा समज आता इतका रूढ झाला आहे की त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य मागासलेला ठरण्याची भीती आहे. ती भीती पत्करून आम्ही येथे लिहीत आहोत.

प्रथम आमच्यावर येणारा एक आरोप दूर सारणे बरे. यंत्र आले की नाक मुरडणाऱ्या मंडळींपैकी आम्ही नव्हे. छापखाना निघाला तेव्हा छापील पोथी सोवळ्यात चालेल काय, याची चर्चा करणारे लोक आमच्याकडे होऊन गेले. त्यांचा वारसा सांगण्याची आमची इच्छा नाही. उलट, या विद्येने काय साधते याचे एक उत्तम उदाहरण आम्हीच पुढे मांडतो. अॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात रेम्ब्रांटचे १६४२ सालचे ‘द नाइट वॉच’ हे प्रचंड चित्र आहे. २०१९ पासून त्याची शास्त्रीय तपासणी सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयाने त्या चित्राचे एक छायाचित्र जगापुढे ठेवले. ते एका दमात काढलेले नव्हते. ८,४३९ निरनिराळी छायाचित्रे जोडून ते सिद्ध केले होते. त्यात ७१७ अब्ज बिंदू आहेत, आणि दोन बिंदूंमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाचपट, म्हणजे पाच मायक्रोमीटर. प्रत्यक्ष चित्रासमोर उभा राहणारा प्रेक्षक कठड्यापलीकडून जे कधीही पाहू शकणार नाही, ते एखाद्या खेड्यातील विद्यार्थ्यास आज घरबसल्या दिसते: रंगाच्या थराला गेलेले तडे, कुंचल्याचा एकेक फटकारा, डोळ्यातील चमक दाखविण्यासाठी ठेवलेला रंगाचा ठिपका. येथे यंत्राने वस्तूची जागा घेतली नाही. त्याने वस्तूकडे पाहणाराची दृष्टी वाढविली. अशा कामास आमचा विरोध असेल तरी कसा?

पण हे काम कोणत्या क्रमाने झाले, तिकडे आमच्या पडदाभक्तांनी लक्ष द्यावे. आधी तपासणी, मग छायाचित्रण, मग प्रकाशन. संशोधकांस स्वतःच्या उपयोगासाठी जे हवे होते, तेच पुढे लोकांच्या हाती दिले. आमच्याकडे क्रम नेमका उलटा आहे. आधी निविदा निघते. तीत पडदे किती, ते किती इंचांचे, प्रोजेक्टर किती शक्तीचे, हे सर्व काटेकोर लिहिलेले असते. पडद्यावर काय दिसावे, हे मात्र ठेकेदाराने ठरवावयाचे! मग ठेकेदाराचा एक तरुण अभिरक्षकाकडे येतो आणि विचारतो, ‘तुमच्याकडील वस्तूंची माहिती मिळेल काय?’ अभिरक्षक कपाटातून जुनी दाखलनोंदवही काढतो. तीत लिहिलेले असते: ‘पितळी दिवा, १. उंची सुमारे एक वीत. देणगी.’ कोणी दिला, कोठला, कोणत्या घरात लागत असे, केव्हाचा, कोणत्या कारागिराच्या घडणीचा, यांपैकी एक अक्षर नाही. आता आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तरुण बिचारा हुशार असतो. तो त्या दिव्याचे गोल फिरणारे चित्र बनवितो, त्यामागे सतारीचे सूर लावतो, आणि प्रेक्षक बोटाने दिवा डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरवून पुढे चालू लागतो. यास ‘संवाद’ असे नाव आहे. संवादास दोन पक्ष बोलावे लागतात, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयाने २०१३ मध्ये चाळीस फूट लांबीची एक स्पर्शाने चालणारी भिंत उभारली, आणि तिची वार्ता आमच्याकडील अधिकाऱ्यांच्या कानी गेल्यापासून प्रत्येकास तशी भिंत हवीशी झाली आहे. त्या भिंतीवर चार हजारांवर कलावस्तूंची चित्रे वाहत असत. प्रेक्षकाने एकीस स्पर्श केला की तिच्या नात्यातल्या दुसऱ्या वस्तू जवळ येत. पण हे नाते जुळविणार कोण? काच तर जुळवीत नाही. प्रत्येक वस्तूचा काळ, देश, द्रव्य, घडण, विषय यांची पिढ्यानपिढ्या केलेली टिपणे त्या संस्थेच्या दप्तरी होती, म्हणून ती भिंत बोलू शकली. भिंत हा त्या कामाचा कळस; आमच्या मंडळींनी पाया न खणता कळसाचीच मागणी नोंदविली आहे. आणि गंमत अशी की, तो कळसही पाच वर्षे पुरला नाही: २०१७ मध्ये त्याच संस्थेने ते दालन बव्हंशी नव्याने रचिले. ज्यांच्यापाशी द्रव्य आहे त्यांस हे परवडते. आमच्या नगरपालिकेच्या संग्रहालयास परवडेल काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गावच्या नगरपालिकेकडे पाहून द्यावे.

नोंद नसण्याचे फळ केवळ कंटाळवाणा पडदा एवढेच असते, तर आम्ही एवढे रागावलो नसतो. २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातून सुमारे दोन हजार वस्तू नाहीशा झाल्याचे, चोरीस गेल्याचे वा नासल्याचे उघडकीस आले आणि संचालकांस पद सोडावे लागले. जगातील सर्वांत गाजलेल्या या संग्रहालयाची ही गत का व्हावी? गेलेल्या वस्तूंपैकी पुष्कळांची नीट नोंदच नव्हती. ज्याची नोंद नाही ते गेले, हे सिद्ध तरी कसे करणार? त्यावर त्या संस्थेने काय केले? नवे पडदे मागविले नाहीत. सर्व संग्रहाची नोंद पाच वर्षांत पुरी करून ती लोकांस खुली करण्याचा संकल्प जाहीर केला. त्यासाठी चोवीस लाख नोंदी नव्याने चढवावयाच्या किंवा सुधारावयाच्या होत्या. आमच्याकडे २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात पाहणी केलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत, असे आले होते. स्मारके म्हणजे इमारती! जेथे इमारत हरवते, तेथे कोठारातील नाणे, मूर्ती वा कट्यार हरविण्यास कितीसा वेळ?

हे काम आमच्या लोकांस जमण्याजोगे नाही, असेही नाही. पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ नावाची संग्रहालयांसाठीची प्रणाली स्वतः रचिली, आणि केंद्र सरकारच्या संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी तिच्या योगे लोकांपुढे आल्या. तेव्हा साधन आहे, कारागीर आहेत. नाही ती त्या साधनात भरावयाची सामग्री, आणि ती सिद्ध करणाऱ्या माणसांचा पगार.

एका वस्तूची नोंद नीट करावयाची म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे वाचकांस पटणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घेऊ. कै. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, आणि १९७५ मध्ये तो सारा सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू. त्यांपैकी सुमारे अडीच हजारच जागेअभावी मांडता आल्या आहेत. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, पेटारे, वाद्ये: राजेरजवाड्यांपेक्षा घरातील माणसांच्या हाताखालून गेलेला हा ऐवज आहे. आता त्यातील एक अडकित्ता घ्या. त्याचे माप, वजन आणि धातू लिहिला. पाते लोखंडी व मुठी पितळी, हे लिहिले. रंगाची पट्टी शेजारी ठेवून सारख्या प्रकाशात चारी बाजूंनी छायाचित्र घेतले. एवढ्याने निम्मे काम झाले. त्याची बिजागरी कशी बसविली आहे? मुठीवरील आकृती मोराची की घोड्याची? असेच मोर दुसऱ्या कोणत्या अडकित्त्यांवर आहेत, आणि ते कोठून मिळाले? पाते कोणत्या अंगाने झिजले आहे? ते झिजले असेल तर अडकित्ता वापरातला. नसेल तर रुखवतातला. लग्नात नवरदेवाच्या हाती अडकित्ता देण्याची चाल होती, तिच्याशी याचा संबंध आहे काय? हे सारे प्रश्न विचारून झाल्यावर जे हाती लागेल, ते पडद्यावर घालण्याजोगे. मग खुशाल बिजागरी मोठी करून दाखवा, सारखे मोर एका ओळीत मांडा, सुपारी कातरण्याचा आवाज ऐकवा. कोठारात बंद पडलेल्या साडेसतरा हजार वस्तूंस प्रकाशात आणण्याचे याहून चांगले साधन नाही, हे आम्ही आनंदाने कबूल करतो. पडद्याचे खरे काम ते हेच: जे काचपेटीत मावत नाही ते दाखविणे. काचपेटीत जे समोर ठेवलेलेच आहे त्याची हलती नक्कल शेजारी लावणे, यास आम्ही काम म्हणत नाही.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही म्हातारे झालात, आताची मुले हलते ते पाहतात, स्थिर वस्तूपुढे ती क्षणभर उभी राहत नाहीत.’ हा आक्षेप आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की तो करणारांनी एकदा तरी मुलांस विचारून पाहिले आहे काय, अशी शंका येते. मुलाच्या हातात घरी दिवसभर पडदा असतोच. तोच पडदा थोडा मोठा करून दाखविण्यासाठी आईबापांनी त्यास तिकीट काढून, रिक्षा करून, रविवारी उन्हातून का न्यावे? संग्रहालयात जाण्यात जे सुख आहे ते खऱ्या वस्तूच्या समोर असण्याचे आहे. ‘हीच ती तलवार?’ हा प्रश्न मूल विचारते, आणि ‘होय, हीच’ हे उत्तर ऐकून त्याचे डोळे विस्फारतात. पडद्यापुढे हा प्रश्न संभवतच नाही. मुले वस्तूपुढे थांबत नसतील तर दोष वस्तूचा नसून तिच्याखालील पाटीचा आहे. ती पाटी लिहिणारास वस्तूविषयी काही सांगावयाचे नव्हते, आणि मुलांस हे फार लवकर कळते.

आता याहून गंभीर अशा एका गोष्टीकडे वळतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, आणि लोकांनी ती पाहण्यासाठी रांगा लावल्या. ही नखे ग्रँट डफ याजकडे आलेली होती, व त्यांच्या पेटीवर शिवाजी महाराजांचा उल्लेख आहे. पण अफझलखानाच्या भेटीत वापरलेली नखे ती हीच काय, हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच आपल्या नोंदीत स्पष्ट लिहून ठेविले आहे. लेखी पाटीवर ही गोष्ट एका वाक्यात सांगता येते: ‘परंपरेने असे मानितात, पुरावा अपुरा आहे.’ वाचणारा ते वाचतो, मनात तोलतो, आणि तरीही त्या पोलादापुढे हात जोडावयाचे तर जोडतो. पण हाच प्रसंग ठेकेदाराच्या हलत्या चित्रात घाला. तंबू येतो, खान येतो, नखे चमकतात, रक्त उडते. या चित्रात ‘बहुधा’ हा शब्द कोठे घालणार? चित्रास ‘कदाचित’ म्हणता येत नाही. ज्यास संशय म्हणून सांगावयाचे ते सिद्धांत म्हणून प्रेक्षकाच्या डोळ्यांत जाऊन बसते, आणि डोळ्यांत बसलेले पुढे शंभर लेखांनी निघत नाही. ज्या प्रांतात राजवाड्यांनी एकेका पत्राच्या अस्सलपणासाठी गावोगाव पायपीट केली, सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापविले, त्या प्रांताने ही सैल वृत्ती स्वीकारावी याचा आम्हांस खेद होतो.

यासही मार्ग नाही असे नव्हे. वर सांगितलेल्या ‘नाइट वॉच’चे चारही कडांचे तुकडे १७१५ मध्ये भिंतीवर बसेना म्हणून कापून टाकण्यात आले होते. २०२१ मध्ये, जुन्या लहान प्रतिकृतीच्या आधारे व संगणकाच्या साहाय्याने, ते गेलेले भाग पुन्हा रचून मूळ चित्राभोवती काही महिने लावले. पण ते चित्रास चिकटविले नाहीत. हा भाग रेम्ब्रांटचा नव्हे, आमचा अंदाज आहे, हे उघड सांगितले, आणि मग ते उतरवून ठेवले. अंदाज कोठे संपतो व वस्तू कोठे सुरू होते ती रेघ प्रेक्षकास दिसली पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.

या मागणीचा भंग सर्वांत भयंकर कोठे होणार ते सांगतो. फ्लॉरिडातील दाली संग्रहालयाने २०१९ मध्ये १९८९ साली निवर्तलेल्या साल्वादोर दाली या चित्रकारास पडद्यावर पुन्हा उभे केले. तो प्रेक्षकांशी बोलतो आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रही काढून घेतो. दाली हा जन्मभर स्वतःचेच सोंग करणारा मनुष्य. त्यास कदाचित हे आवडलेही असते. पण हीच युक्ती उद्या आमच्याकडे लोकमान्यांस, आगरकरांस वा जोतीरावांस लावली जाईल, आणि जी वाक्ये त्यांनी कधी उच्चारिली नाहीत ती कोणा जाहिरातवाल्याच्या लेखणीतून उतरून त्यांच्या तोंडून बाहेर पडतील. आगरकर व टिळक यांचा वाद ज्यांनी मूळ लेखांत वाचला आहे त्यांस ठाऊक आहे की त्यातील एकेक शब्द मोजून टाकलेला आहे. त्या दोघांस शेजारीशेजारी उभे करून मुलांच्या ‘गोड गोड’ प्रश्नांस उत्तरे द्यावयास लावणे हा इतिहास नव्हे. ते बाहुल्यांचे खेळ आहेत. खेळाच्या दारावर खेळ अशी पाटी असावी. संग्रहालयाची पाटी लावून तो करू नये.

टिकाऊपणाविषयीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात विल्यम राजाने १०८६ मध्ये देशाची मोजदाद करविली व ती चर्मपत्रावर लिहविली. तिला ‘डोम्सडे बुक’ म्हणतात. तिच्या नवशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने नव्या काळाची मोजदाद करण्याचे ठरविले. लाखो लोकांनी, शाळांतील मुलांनी, आपापल्या गावाचे वर्णन, छायाचित्रे, नकाशे पाठविले, आणि ते सर्व दोन लेझर तबकड्यांवर भरले. नकाशा सरकवीत गावोगाव हिंडण्याची सोय त्या काळात त्यांनी केली होती. पंधरा-सोळा वर्षे लोटली, आणि ती तबकडी वाचणारे यंत्रच मिळेनासे झाले! २००२ मध्ये विद्यापीठांतील संशोधकांस मोठ्या खटपटीने ती पुन्हा वाचावी लागली. २०११ मध्ये बीबीसीने त्यातील मजकूर संकेतस्थळावर आणला, आणि २०१८ मध्ये तेही स्थळ बंद होऊन त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या हवाली झाली. विल्यम राजाचे चर्मपत्र मात्र आजही उलगडून वाचता येते. आमच्याकडेही याच जातीचे नुकसान झाले आहे. ‘फ्लॅश’ नावाच्या साधनाने केलेली हलती चित्रे एके काळी घरोघर व शाळाशाळांत चालत. ते साधन त्याच्या मालकांनी ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचे आवरले, आणि त्यावर उभी असलेली कामे एका रात्रीत मुकी झाली.

आम्ही स्वतः एका जिल्ह्याच्या गावी असे एक दालन पाहिले. उद्घाटनाचा संगमरवरी दगड ठळक होता. सहा पडद्यांपैकी चार काळे. पाचव्यावर ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ अशी अक्षरे. सहावा चालू होता, व त्यावर एका पितळी लामणदिव्याचे चित्र होते. खाली मराठीत नाव लिहिले होते, ‘फाशीचा दिवा’. आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. मग उलगडा झाला: इंग्रजी नोंदीत ‘हँगिंग लॅम्प’ असे होते, आणि यंत्राने त्यातील ‘हँगिंग’चा अर्थ आपल्या समजुतीप्रमाणे केला होता. तेथील सेवकास आम्ही ते दाखविले. तो म्हणाला, ‘साहेब, लामणदिवा आहे तो, आमच्या आजीकडे होता. पण हे पुण्याहून बदलावं लागतं, आणि कंपनीचा करार संपला.’ ज्यास वस्तूचे नाव ठाऊक होते त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्यास नाव ठाऊक नव्हते. मराठी संग्रहालयात मराठी वस्तूचे मराठी नाव इंग्रजीतून भाषांतर होऊन यावे, याहून आणखी दैन्य कोणते?

म्हणून ज्या मंडळींच्या हाती निविदा आहेत त्यांच्यापाशी आमचे मागणे आहे. पडद्यांच्या इंचांपूर्वी त्यांनी नोंदींची संख्या लिहावी. छायाचित्रे, मजकूर आणि आज्ञावली यांची मालकी संस्थेची राहील, ठेकेदाराची नव्हे, हे करारात असावे. मजकूर बदलण्याचा अधिकार व शिक्षण तेथील माणसांस मिळावे. मूळ छायाचित्रे कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा साध्या स्वरूपात, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावीत. दुरुस्तीचा खर्च उद्घाटनाच्या खर्चातच धरावा. पाट्या मराठीत लिहाव्यात आणि मग इंग्रजीत न्याव्यात. पडदा बंद असता दालनात पाहण्याजोगे काही उरते काय, हे वीज घालवून एकदा तपासावे. आणि दर पडद्यामागे किमान एक नोंदणी करणारा शिकलेला माणूस, वर्षभराच्या पगारावर, नेमावा. पैसा नाही असे म्हणणारांनी प्रोजेक्टरचे बिल पाहावे.

नोंदींची ही घाई आम्ही का करीत आहो? वस्तूंस वाट पाहता येते. ती वापरलेल्या माणसांस येत नाही. वज्रीने टाचा घासलेल्या, जात्यावर बसलेल्या, लामणदिव्याची साखळी किती हातांवर अडकवावयाची हे ठाऊक असलेल्या बायका आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मोडीतील जुन्या याद्या भराभर वाचणारे गृहस्थ गावागणिक एखाददुसरे राहिले आहेत. संग्रहालयांनी या उन्हाळ्यात एक ध्वनिमुद्रक, एक वही आणि दोन विद्यार्थी देऊन त्यांच्या ओसरीवर माणसे पाठवावीत, सोबत कोठारातील वस्तूंची छायाचित्रे न्यावीत, आणि एवढेच विचारावे: ‘आजी, हे काय आहे, आणि तुमच्याकडे यास काय म्हणत असत?’